शेवटचं अक्षर

वार्डोच्या धक्क्यावर जानेवारीत सूर्य नसतो.
तूरुन दिवा लावते, ती सकाळ.
पडद्यावर तक्ता: सातशे चाळीस ओळी,
कॉड, हॅडॉक, कुठल्या होडीचं किती किलो.

जुना मॅक्रो याच टेबलाखालच्या खोक्यात राहायचा.
पंखा घरघरायचा, खोकं तापायचं,
वर मांजर निजायचं.
तूरुन रजेवर गेली की हिशोबही रजेवर.

आता स्क्रिप्ट ढगात चालते.
तूरुन झोपलेली, संगणक बंद,
तरी पहाटे तीनला कोणीतरी लांबून तक्ता उघडतं.
खोड एकच:
एका घरातला आकडा वाचायला
समुद्रापलीकडून यायचं, परत जायचं,
मग शेजारच्या घरासाठी पुन्हा तोच हेलपाटा,
मिठाच्या एकेका खड्यासाठी वाण्याकडे जावं तसं.
सहा मिनिटं झाली की वरून दोर कापतात.

होड्या मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेल्या.
तिथे सगळ्यात शेवटी येतो
डोक्यावर पोकळ कडं घेतलेला एक ‘ओ’.
त्या ‘ओ’ची एकच होडी, ओस्ता,
आणि तिचा म्हातारा ओस्मुन रोज विचारतो,
‘माझा मासा अजून पाण्यातच का गं?’

एका रात्री तूरुनने सगळं मोडून लिहिलं:
एकदाच ये, अख्खा तक्ता उचल,
बेरजा तुझ्या तिकडेच कर,
एकदाच परत आणून ठेव.
अकरा सेकंद.
दुसऱ्या दिवशी ओस्मुनने काही न बोलता
सुकवलेल्या कॉडचा तुकडा तिच्या टेबलावर ठेवला.
मांजराने तो पळवला.

गुरुवारी वजनकाटा गोठला.
रात्री तीनची ती एकच खेप मधेच बुडाली.
सकाळी सातशे चाळीस ओळी कोऱ्या.
आगोत, बर्न्ट, ज्यांना कधी थांबावं लागलं नव्हतं
ते सगळे दाराशी, बुटांवर बर्फ घेऊन.
ओस्मुन त्यांच्या मागे. रांगेतही शेवटचा.

तूरुनने चूक शोधली. ओळ सातशे चाळीस,
वजनाच्या रकान्यात अक्षरांत लिहिलेलं:
‘तीनशेच्या आसपास’.
पूर्वी तिथवर कोणी पोचलंच नसतं.

तिने कोणाला सांगितलं नाही.
आता स्क्रिप्ट पन्नास-पन्नास ओळी नेते,
पंधरा खेपा, पाऊण मिनिट.
बुडल्या तर पन्नासच बुडतील.
ओस्मुनला तिने एवढंच म्हटलं,
‘आकडा लिही, ओस्मुन. नुसता आकडा.’
तो म्हणाला, ‘पण आसपासच होते.’