कलम चौदा

दापोलीच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यात
मुकादम वकिलांनी करार वाचला, चष्मा कपाळावर सरकवून.
बत्तीस पानं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही माझीच,
घाईची. मेकअपवाली ब्रश घेऊन खोळंबली होती तेव्हाची.

"कलम चौदा," ते म्हणाले. "बाहेर पडल्यापासून अठरा महिने
परवानगीशिवाय कसल्याही मंचावर गायचं नाही.
आणि मतं किती पडली, ते विचारायचं नाही."
"विचारलं तर?"
त्यांनी बोट ठेवलं तो आकडा
आमच्या होडीहून मोठा होता.

संध्याकाळी हर्णैला लिलाव.
ओल्या वाळूत सुरमईचे वाटे, बैल पोटापर्यंत पाण्यात.
आई पुकारते, बाराशे, तेरा, तेरा,
कुणाचा हात वर, कुणी मान फिरवली,
अख्ख्या बंदराला दिसतं.
बोली हुकलेली रुक्साना एक शिवी हासडते,
टोपली उचलून पुढच्या वाट्यापाशी जाते.
तिला कुणी म्हणत नाही,
आता दीड वर्ष मासळीला हात लावू नकोस.

माझी मतं कुणी मोजली?
पाकीट बंद, मागे ढोल,
मग माझ्या रडण्यावर कॅमेरा, जवळून.
रडणंही त्यांच्याच मालकीचं. कलम एकोणीस.

आज आईचा घसा बसलाय.
ती नुसती बघते. मी फळीवर चढते.
फळी म्हणजे मंच का, मुकादमसाहेब?
विचारायचं राहिलंच.
"बाराशे," मी म्हणते, आईपेक्षा जरा वरच्या पट्टीत,
"बाराशे… तेरा…"
आणि हात वर येतात,
मोजता येतील असे.