न-वरची लाट

केयोनच्या धक्क्यावरचं आमचं तिकीट ऑफिस
म्हणजे एक शेगडी, दोन खिडक्या
आणि एक कॉम्प्युटर, जो माझा नव्हे.
हे आधीच सांगतो. माझा नव्हे.

मंगळवारी रात्री वाऱ्यानं पत्रे वाजत होते,
गिऱ्हाईक नव्हतं,
आणि नव्या आवृत्तीचं निळं बटण
कोपऱ्यात लुकलुकत होतं: बीटा.
काळा पडदा, म्हणे, डोळ्यांना गार.
यादी दुप्पट वेगानं.
खाली एक चौकोन: मला धोके समजले आहेत.
मी बरोबरची खूण केली,
एकही धोका न वाचता.
विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात.
मी पाहिली, तीही दुसऱ्यांच्या पेल्यात.

सकाळी बंद पडला असता तर बरं झालं असतं.
बंद पडलेलं कळतं.
हा सुरू झाला, गुणी मुलासारखा,
एकशे चौदा प्रवासी, सगळे जागच्या जागी,
फक्त न-वरची ती चिमुकली लाट
सगळ्यांच्या नावांवरून पुसलेली.

मुन्योसचा मुनोस झाला. एवढं चालून जातं.
पण पेन्या म्हणजे आमच्याकडे खडक;
लाट गेली की उरतं पेना, म्हणजे दुःख.
पेन्यांच्या घरची पाच माणसं, त्यांत एक तान्हं,
ओळीनं दुःख, दुःख, दुःख,
आणि कडेला आसन क्रमांक.

धक्क्यावर नौदलाचा पोरगा, हातात यादी,
नुकतं मिसरूड फुटलेलं, नियम पाठ:
ओळखपत्रावर एक, यादीत दुसरं, बाजूला व्हा.
अकरा माणसं बाजूला झाली.

दोन्या एदेल्मिरा मला काही बोलल्या नाहीत.
खणातून कार्बनची जुनी वही काढली
आणि अकरा नावं लिहिली,
प्रत्येक लाट जरा जास्तच उंच काढत.
पोरानं वही पाहिली, आभाळ पाहिलं, घड्याळ पाहिलं.
चाळीस मिनिटं उशिरा दोर सुटले.

दहा जण चढले.

रुपेर्ता न्यांकुपेल चढली नाही.
बहिणीला माती द्यायला मेलिंकाला निघालेली,
काळी शाल, पिशवीत बटाट्याचे पाव.
"नाही म्हणतंय ना यंत्र,
मग नसेन मी,"
असं कुणाला तरी म्हणाली म्हणे,
आणि टेकडी चढून घरी गेली.
मी धावलो. अर्ध्या चढावर दम तुटला.
तिथून फेरी दिसत होती,
वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीएवढी.

दुपारी पडद्यावर आलं: आपला अनुभव कसा होता?
पाच चांदण्या, त्यांतल्या किती?
खाली मोकळी जागा, चुका कळवण्यासाठी.
मी तिचं नाव टाइप केलं.
नांकुपेल, असं उमटलं.
खोडलं. पुन्हा केलं.
मग चांदण्या तशाच रिकाम्या ठेवून
शेगडीत लाकूड सारत बसलो.

जुनी आवृत्ती शुक्रवारी परत आली.
माझ्या पगारातून काही कापलं नाही त्यांनी.
तेच खुपतं.

पुढच्या बुधवारी ती खिडकीशी आली,
मुठीत मोजून आणलेले पैसे.
माती तोवर देऊन झाली होती कुणाच्या तरी हातानं,
आता नुसतं थडगं बघायचं.
मी काही विचारायच्या आत
काचेवर वाकून म्हणाली,
"बघ रे नोल्बेर्तो,
आज आहे का मी?"