एकशे अडुसष्ट तास

नाशिकला समुद्र नाही.
कसाऱ्याचा घाट उतरून बरंच पुढे जावं, तेव्हा कुठे खारा वारा.
म्हणून अंबडला, प्लेटिंगच्या गाळ्यामागे,
आम्ही तो पेटीत केलाय:
पंच्याण्णव भाग पाणी, पाच भाग मीठ,
पस्तीस अंश ऊब
आणि रात्रंदिवस धुकं.

पत्रे आत तिरके उभे करायच्या आधी
प्रत्येकाच्या छातीवर मी कार्बाइडच्या टोकाने
फुली मारते. खोल. पोलाद चमकेपर्यंत.
नवी पोरं विचारतात, मॅडम, चांगला रंग कशाला खरवडता?
अरे, ओरखडा पडणारच आहे.
सिन्नरच्या रस्त्याला खडी उडणारच आहे.
बघायचं एवढंच,
फुलीपासून गंज आतल्या आत किती सरकतो.
दोन मिलिमीटर चालतो.
त्यापुढे माल परत.

या वेळी फुली शहाण्यासारखी वागली.
एकशे अडुसष्टाव्या तासाला
खालच्या कोपऱ्यात, जिथे कुणी काही खरवडलं नव्हतं,
तिथे फोड आले,
भिजल्या साबुदाण्याएवढे.

मीटिंग झाली.
रौंदळसाहेब म्हणाले, थर वाढवा, साठचा ऐंशी मायक्रॉन करा.
रंगवाला म्हणाला, फॉस्फेटची टाकी म्हातारी झालीय.
टाकीवरचा खैरनार मिठाची गुळणी धरून बसला.
चहा दोनदा आला.

संध्याकाळी पत्रा नळाखाली धरून
मी पात्याने एकेक फोड उचलला.
रंग सुटला कांद्याच्या पापुद्र्यासारखा,
आणि खाली तांबूस रेषा,
वळणात वळण, वळणात वळण.

अंगठा.

फॉस्फेटनंतर, रंगाआधी
कुणीतरी मोजे न घालता पत्रा उचलला होता.
त्याच्या घामातलं चिमूटभरही नसलेलं मीठ
साठ मायक्रॉनखाली दबा धरून होतं,
पेटीतला ओलावा झिरपेपर्यंत.
ऐंशी केले असते तर
आणखी दोन दिवस गप्प बसलं असतं, एवढंच.

उचलायचं काम गोरखचं.
त्या दिवशी गोरख रजेवर होता.
अंगठा ठेवून ताडून बघायची गरजच नव्हती.
सातवीत असताना विळीने कापलं होतं,
ती आडवी चीर
गंजातही कोरी राहिली होती.

‘कारण’च्या रकान्यात लिहिलं: हाताळणी.
पेन बंद केलं. उघडलं.
मागे ‘माझी’ जोडलं.
स्टोअरला मोज्यांच्या बारा जोडांची चिठ्ठी दिली,
नवे पत्रे पुसून, झटकून लावले,
पेटीचं घड्याळ शून्यावर आणलं.

मग पाथर्डी फाट्याला रिक्षाची वाट बघत असताना
कुणाचं लक्ष नाहीसं पाहून
अंगठा जिभेला लावला.