उलटी अक्षरं

बाबा बोरू टोकरतात, मी कातडं ताणते.
बारा भोकं, बारा दोऱ्या, ऑलिव्हच्या लाकडाची चौकट.
बकरीची पाठ ढोलासारखी वाजेपर्यंत
मी ती खरवडत राहते, आधी मांस, मग केस,
मग ज्वालामुखीचा हलका दगड घेऊन घास घास घासते.
याला आमच्या गावात कुणी लिहिणं म्हणत नाही.

काळी शाई तीन महिने मुरते:
तव्याची काजळी, करपवलेलं सातू, बाभळीचा डिंक.
ढवळणारी मीच.
लाल शाई वेगळ्या शिंगात, झाकून.
ती फक्त पवित्र नावांसाठी.
बाबांना अख्खा तिग्राय मेरिगेता किरोस म्हणतो,
मला म्हणतो, ती चौकटीवाली.

बाबा लिहिताना मोठ्यानं वाचतात.
एकदा रानफुलांचं पान आलं,
की त्यांना चाती ठाऊक नाही, तरी अंगावर रेशीम.
मी तेव्हा समोरच बसून
बाबांच्याच पांघरुणासाठी सूत कातत होते.
मला हसू फुटलं.
बाबांचा बोरू थांबला. त्यांनी चातीकडे पाहिलं,
मग पुढची ओळ लिहिली.

चर्चभोवतीच्या ज्युनिपरांना कुऱ्हाड लागत नाही,
म्हणून पिवळे विणकर पक्षी तिथंच येतात.
विणतो तो नर, उलटा लोंबकळून.
मादी येते, आत डोकावते,
एक काडी ओढून बघते आणि भुर्र.
तो पातं पातं करून आपलंच घर उसवतो.
मग त्याच फांदीवर पुन्हा पहिली गाठ.
मी पाच वेळा मोजलं.
सहाव्यांदा काय झालं माहीत नाही,
ओली कातडी आली होती.

मेस्केलच्या सणाआधी पोथी मठात पोचायची होती
आणि शेवटच्या घडीत बाबांकडून ओळ सुटली.
गोष्ट मजुरांची, दिवस कलल्यावर कामाला लागलेल्यांची.
सुटली तीही नेमकी मजुरीची ओळ.
"खरवड," ते म्हणाले.
"सगळं पान?"
"सगळं."
चार दिवसांची अक्षरं
काळा भुगा होऊन माझ्या मांडीवर पडली.

मग त्यांनी बोरू बुडवला आणि तसाच धरून बसले.
उजव्या डोळ्यात कधीपासून दूध साचलं होतं,
आता डाव्यातही. मला बोलले नव्हते.
बोरू माझ्यापुढे धरला.

"मला येत नाही."
"वीस वर्षं समोर बसतेस."
त्यांनी जुनी पोथी माझ्याकडे फिरवली.
एकही अक्षर ओळखीचं नाही!
सुलट चेहरे मी कधी पाहिलेच नव्हते.
"तुमच्याकडेच असू द्या," मी म्हटलं,
आणि पोथी परत फिरली तशी
सगळी माणसं दारात उभी राहावीत तशी उभी राहिली.

मी माझ्या बाजूनं लिहिलं,
उजवीकडून डावीकडे, गुडघ्यापासून पलीकडे,
जगाच्या लेखी पूर्ण उलटं.
बाबा नाक पानाला टेकवून पाहत होते.
त्यांच्या बाजूनं ते सरळ उमटत होतं.
बाहेर शेळ्या परतत होत्या, दिवा अजून लावायचा होता,
आणि मजुरीची ओळ आली.
मी ती जरा सावकाश लिहिली.

त्या पानात एक भोक आहे.
बकरीला कुठं तरी काटा लागला असेल.
कातडं ओलं असताना ते मीच शिवलं होतं.
माझी ओळ तिथं आली, अडली,
टाक्याला वळसा घालून पुढं गेली.
मागची पानं चाळली. बाबांच्या ओळीही
दर टाक्यापाशी तशाच वळल्या होत्या.

पोथीच्या शेवटी, लिहिणाऱ्यासाठी
प्रार्थना मागायची रीत आहे.
"नाव कुणाचं घालायचं?" बाबांनी विचारलं.
मी दोऱ्या सोडत होते.
"बकरीचं घाला," म्हटलं.

ते हसले नाहीत.
हात चाचपत पुढं केला
आणि लाल शाईचं शिंग मागितलं.