ओझं

जरीपटक्याच्या कोपऱ्यावर, मे महिन्यात,
सकाळी नऊलाच बॉनेटवर हात ठेववत नाही.
सुदेश मेश्राम ओलं फडकं अंथरतो, मग टेकतो.

बंपरमध्ये दोन पांढऱ्या पट्ट्या बसल्या,
भर उन्हातही दिसतील अशा.
मला कोणाला दिसायचंय, हे त्यानं विचारलं नाही.

मग इंडिकेटर. नारिंगी एलईडी लावला
आणि डॅशबोर्डमागे टिकटिक सुटली
दुप्पट वेगानं, धाप लागल्यासारखी.
"बल्ब गेला का रे?"
"नाही ना काका. जुना बल्ब लय करंट खाये.
आता ओझंच नाही, म्हून घाबरून राह्यली ते."

दोन महिने झाले मला वीज मंडळातून सुटून.
पहाटे पाचलाच फाटकाशी उभा असतो,
चपला घालून.

त्यानं सोनेरी रेझिस्टर काढला, बोटाएवढा.
"हे काय करते?"
"काईच नाही. निस्तं तापते."
वायर सोलून जोडला, पत्र्याला आवळला,
"प्लास्टिकजवळ नको, जळते."

टिक.

टिक.

मानकापूरच्या चौकात डावीकडे वळायचं होतं.
मागच्याला हॉर्न वाजवावा लागला.
मी ऐकत बसलो होतो.