खानेसुमारी

वांकावेलिकाच्या बाजारात, चढावर,
एदिल्बेर्तो अर्ज घेऊन उकिडवा बसला.
घरची भाषा?
सातुर्निनानं त्याचे बूट न्याहाळले,
चिखल न लागलेले,
आणि म्हणाली, स्पॅनिश.

त्यानं खूण केली.
जगातल्या पन्नासएक कोटींत
आणखी एक बाई जमा झाली.

मग त्यानं बटाटे मागितले, ते जांभळे.
पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
ती मोजू लागली:
हुक, इस्काय, किम्सा...
तो चपापला.
त्याची आई असंच मोजायची
टाके, मेंढ्या, तापातले दिवस.

तावा, तो पुटपुटला.
पिच्का, ती म्हणाली, मान खालीच,
आणि वर एक जास्तीचा टाकला.

अर्जावर खाडाखोड
चालत नव्हती.