सात फराटे

बाबा गेले आणि त्यांची उधारीची वही
मुकी झाली.
पन्नासेक घरं राहत होती तिच्यात,
आईला एकाचंही दार सापडेना.

मग तिनं स्वतःची वही घातली.
अंड्याला गोल, मिठाला तीन ठिपके,
व्हिनेगरला लांब मानेची बाटली
आणि वीटभट्टीवरच्या ख्वांगला
एक वीट.
गिऱ्हाइकं हसायची. ख्वांग हसला नाही.
त्यालाही वाचता येत नव्हतं.
विटेवर बोट ठेवून म्हणाला,
"हो, हा मीच."

मी तिसरीत होते.
तिंगशीच्या त्या उघड्या, पिवळ्या डोंगरांत
पाणी मोजून मिळायचं,
तरी दुकान रिकामं झालं की
आई वाटीत बोट बुडवायची
आणि काउंटरच्या काचेवर गिरवायची.

आधी 欠. देणं. चार फराटे.
आमच्या बाईंनी सांगितलं होतं,
हा मुळात आ वासून
जांभई देणारा माणूस.
"बरोबरच आहे," आई म्हणाली,
"मागायला गेलं की
असेच जांभया देतात."

मग 还.
यानं तिला छळलं.
आत बसलेला एक नकार,
आणि डावीकडून उतरून त्याच्या खालून
वळसा घेत गेलेली वाट.
"आधी 'नाही' लिहायचं, वाट शेवटी,"
मी छडीसारखी पट्टी आपटायचे.
ती दर वेळी वाटच आधी काढायची.
"खाली काही नसताना
'नाही' ठेवू कशावर?"
कोरडी हवा. सातवा फराटा येईतो
पहिला उडून गेलेला.

उच्चार मात्र दोन.
ह्वान म्हटलं तर फेडलं.
हाय म्हटलं तर अजून.
"एका तोंडात दोन जिभा?"
"वाक्यावरून कळतं," मी म्हणाले,
अगदी बाईंच्या सुरात.

थंडीच्या तोंडावर ख्वांग
कणीक आणि तेलाचा डबा घेऊन गेला.
त्या संध्याकाळी आईनं पहिल्यांदा
विटेच्या शेजारी शाईनं ओळ लिहिली:
还欠四十
जीभ दातांत धरून, कागद फाटेल इतकी दाबून.
मी मोठ्यानं वाचलं:
हाय. अजून देणं चाळीस.
तिनं मान हलवली,
पेनाचं टोक पदर नसलेल्या त्या निळ्या कोटाला पुसलं
आणि पान वाळेपर्यंत
वही मिटली नाही.

ख्वांग त्याच थंडीत खोकल्यानं गेला.

बर्फ वितळल्यावर त्याची सून आली,
बुटांवर अजून पांढरं कापड शिवलेलं.
रुमालाची गाठ सोडून तिनं
दहाच्या चार नोटा काचेवर ठेवल्या,
एकेक तळहातानं सपाट करून.
"मामंजी म्हणायचे, छ्याओयूनकडचं बघ.
किती ते त्यांना आठवेना.
एवढे पुरतील?"

आईनं वही उघडली.
बोट विटेवरून सरकत गेलं
आणि त्या अक्षरावर थांबलं.
सून वाकली. ती सहावीपर्यंत शिकलेली.

"ह्वान," आई म्हणाली.
परक्यासमोर तिनं मोठ्यानं वाचलेला
हा पहिला शब्द.
"ह्वान. देणं होतं ते चाळीस, फेडलं."

सून पानाकडे बघत राहिली.
पान तिला दोन्ही सांगत होतं.
बाहेर कुणाचं तरी गाढव ओरडलं, थांबलं.
मग तिनं नोटा उचलल्या,
रुमालाला परत गाठ मारली,
आणि जाता जाता थोडं मीठ घेतलं.
रोख.

ती वळणापलीकडे गेली तशी
मी आईकडे पाहिलं,
आ वासून, 欠 सारखी.

"वाक्यावरून कळतं," आई म्हणाली.
वाटी जवळ ओढली, बोट बुडवलं
आणि काचेवर काढू लागली:
आधी वाट.
मग 'नाही'.

मी चूक दाखवली नाही.